सरदारांची यादवी पटत नसेल, तर गादी बाजूला ठेवून जहागिरीपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीतलं साम्राज्य नऊ सरदारांच्या जोरावर उभं आहे. सम्राट वारतो, वारस अवघा सात वर्षांचा, सम्राटाचा धाकटा भाऊ गादीवर हक्क सांगतो आणि सरदारांमध्ये यादवी पेटते. पहिला खर्डा ज्यांनी वाचला त्यांचं म्हणणं पडलं की लढाया रंगल्या आहेत, पण ही माणसं लढताहेत कशासाठी ते कळत नाही, सगळेच सत्तेला हपापलेले वाटतात. आता नेमकं काय बदलायचं, असं तुम्ही विचारलंय.

ऐतिहासिक आणि कल्पित राज्यांवरच्या कादंबऱ्यांचं संपादन मी बावीस वर्षं करतोय. हा दोष मी इतक्या हस्तलिखितांत पाहिलाय की तो कुठून येतो तेही आता ओळखू येतं. लेखक गादीपासून सुरुवात करतो. गादीवर कोण बसणार हा प्रश्न त्याला मोठा वाटतो, म्हणून नऊच्या नऊ सरदारांनाही तो तेवढाच मोठा वाटत असणार असं तो गृहीत धरतो. सरदाराच्या डोक्यात मात्र दिवसरात्र त्याची जहागीर असते. आजोबांनी मिळवलेला मुलूख, त्यावर पोसलेले दीड हजार स्वार, त्या स्वारांची लग्नकार्यं, किल्ल्याची डागडुजी, सावकाराचं देणं, धाकट्या भावांचे वाटे. सम्राट हयात असताना हे सगळं हिरावून घेऊ शकणारा माणूस एकच होता, आणि त्याची मर्जी कशी राखायची हे सरदाराला ठाऊक होतं. तो गेल्यावर धोका आठ दिशांनी येतो. शेजारी सरदार उद्या नव्या सम्राटाच्या कानाला लागला आणि त्यानं नदीपलीकडचे आपले चार परगणे स्वतःच्या नावावर करून घेतले तर? या ‘तर’पायी माणूस फौज जमवतो. त्याच्या मते तो बचाव करत असतो. शेजाऱ्याला त्या फौजेत चढाई दिसते, म्हणून तोही जमवतो. तुमच्या नऊ सरदारांपैकी निदान सात जणांना मनापासून वाटलं पाहिजे की आपण फक्त आपलं राखतोय. तसं झालं की सत्तापिपासूपणाचा आक्षेप आपोआप गळून पडेल.

मराठ्यांच्या इतिहासात याचा सगळा आलेख समोर मांडलेला आहे. शिवाजी महाराजांचा कटाक्ष रोख पगारावर होता, सैन्याच्या खर्चासाठी मुलूख तोडून देणं ते टाळत. 1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले, तिजोरी रिकामी झाली. तिकडे औरंगजेब मराठा सरदारांना वतनांचं आमिष दाखवत होता. त्यांना धरून ठेवायला राजाराम महाराजांनाही वतनं आणि इनामं द्यावी लागली. त्या घडीला दुसरा मार्गच नव्हता, आणि त्याच मार्गानं मराठे औरंगजेबाला पुरून उरले. पण एकदा दिलेला मुलूख परत घेता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो इशारा आहे तो तुम्ही जरूर वाचा. नावाला वतनदार, पण प्रत्यक्षात हे छोटे का होईना स्वतंत्र देशनायकच, असं त्यांनी लिहिलंय. तुमच्या साम्राज्याचा पायाही असाच एखाद्या संकटाच्या वेळी पोखरला गेलेला असू द्या. दोन पिढ्यांपूर्वीच्या सम्राटानं परचक्रात राज्य वाचवण्यासाठी जहागिरी वंशपरंपरागत करून टाकल्या, आणि त्याची किंमत आता सात वर्षांचा पोर मोजतोय. एवढ्या एका गोष्टीनं तुमच्या जगाला भूतकाळ मिळेल.

म्हणून लिहिण्याआधी तुमच्या साम्राज्याचा जमिनीचा कायदा ठरवून टाका. सरदार मेल्यावर जहागीर मुलाकडे जाते की सरकारजमा होते? मुघलांकडे जहागिरींची दर काही वर्षांनी बदली होई आणि मोठा अमीर मेला की त्याच्या मालमत्तेवर सरकारी जप्ती येई. अशा व्यवस्थेत सरदार मुलखात मूळ धरत नाही. त्याची सगळी धडपड दरबारात चालते, त्यामुळे तिथे वारसायुद्ध शाहजाद्यांमध्ये होतं. 1658 मध्ये धर्मत आणि सामूगढला लढले ते शहाजहानचे मुलगे, अमीर उमराव त्यांच्या मागे उभे राहिले. जहागीर वंशपरंपरागत असेल तर चित्र उलटं होतं: सरदार आपापल्या मुलखात पाय रोवून बसतात आणि गादीचे दावेदार त्यांच्या दारात येतात. तुम्हाला यातलं दुसरं हवंय, पण खर्ड्यात सम्राट वाटेल त्याची जहागीर काढून घेताना दिसतो. वाचकाला अडखळायला होतं ते इथेच. आणखी एक, एकेका सरदाराचा मुलूख सलग आहे की विखुरलेला? शाहूंच्या काळात सरदारांचे महसुलाचे हक्क एकमेकांच्या मुलखात मुद्दाम गुंतवले गेले. कुणीही एकटा स्वतंत्र होऊ नये हा त्यामागचा एक हेतू. पण त्या गुंत्यामुळेच कज्जे वाढले. विखुरलेल्या हक्कांचा सरदार सहज बंड करू शकत नाही, पण भांडायला त्याला नऊ ठिकाणी निमित्तं मिळतात. कादंबरीसाठी हा खजिना आहे.

आता ठिणगी. सम्राटाच्या मृत्यूनं यादवी पेटते असं तुम्ही दाखवलंय. माझं मत असं की ती आधीच धुमसत असावी, मृत्यूनं फक्त तिच्यावरचं झाकण उडावं. इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांची पहिली लढाई 1455 ची मानतात, पण उत्तरेतल्या नेव्हिल आणि पर्सी या दोन घराण्यांची माणसं 1453 पासूनच हातघाईवर आली होती. राजघराण्यातल्या दोन शाखांचं भांडण उभं राहिलं तेव्हा एक घराणं एका बाजूला गेलं आणि साहजिकच दुसरं समोरच्या. जपानचं ओनिन युद्ध 1467 ला सुरू झालं. शोगुनाचा, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाचा, वारस त्याचा भाऊ की मुलगा हा वाद त्यात होताच, पण हाताकेयामा आणि शिबा या बड्या घराण्यांमध्ये स्वतःचेच वारसावाद आधीपासून पेटलेले होते. वरच्या भांडणाला खालच्या भांडणांनी जळण पुरवलं. पुढे तर शोगुनाचा भाऊ ज्या पक्षाचा दावेदार म्हणून उभा होता तो पक्ष सोडून समोरच्या छावणीत गेला, तरी युद्ध थांबलं नाही. दोन्ही पक्षांचे म्होरके, होसोकावा कात्सुमोतो आणि यामाना सोझेन, 1473 मध्ये वारले, तरीही नाही. ते चाललं 1477 पर्यंत. गादी हेच कारण असतं तर ते तिथेच संपायला हवं होतं.

ठिणगी क्षुल्लक असली तरी चालते, मात्र तिच्यात कुणाच्या तरी हक्काला हात लागलेला असावा. मॉस्कोच्या राजघराण्यात 1433 मध्ये एका लग्नात महाराणी सोफियानं आपल्या मुलाच्या चुलतभावाच्या कमरेचा सोन्याचा पट्टा सगळ्यांदेखत ओढून काढला, कारण तो पट्टा मुळात आमच्या घराण्याचा होता असा तिचा दावा. दावेदारी आधीपासून होतीच, पण त्या पट्ट्यानंतर माघारीची वाट बंद झाली. पुढची वीस वर्षं चुलते-पुतणे आणि मग चुलतभाऊ लढत राहिले, एकमेकांचे डोळे काढण्यापर्यंत मजल गेली. तुमच्याकडे राज्यारोहणाचा सोहळा आहेच. सम्राटाच्या उजव्या हाताला कोणत्या सरदारानं उभं राहायचं यावरून तिथे एक पाऊल पुढेमागे झालेलं दाखवा.

पक्ष दोनच ठेवू नका. नकाशावर निळे आणि तांबडे असे दोन रंग तुम्ही भरले आहेत, ते पुसा. अशा युद्धात तिसरा पक्ष अनेकदा सर्वांत मोठा असतो, आणि तो म्हणजे थांबून पाहणाऱ्यांचा. मला सर्वांत आवडणारं उदाहरण 1150 च्या आसपासच्या इंग्लंडमधलं आहे. राजा स्टीफन आणि गादीवर हक्क सांगणारी मटिल्डा यांच्या भांडणात देश विस्कटला होता. तेव्हा चेस्टर आणि लेस्टर इथल्या दोन बड्या उमरावांनी आपसात लेखी करार केला. स्वामीनं भाग पाडलं आणि एकमेकांवर चालून जावंच लागलं, तर सोबत 20 पेक्षा जास्त सरंजामी स्वार आणायचे नाहीत, हाती लागलेली लूट परत करायची आणि कुरापत काढण्याआधी 15 दिवसांची सूचना द्यायची. दोघेही आपापल्या स्वामीशी बेइमान झाले नव्हते. त्यांना एवढंच समजलं होतं की स्वामी येतील आणि जातील, शेजार कायम राहणार. असा एक करार तुमच्या कथेत आला की पन्नास पानांचं राजकारण तो एकटा सांगून जाईल.

शपथ या गोष्टीला तुमच्या खर्ड्यात वजनच नाही, सरदार धडाधड बाजू बदलतात. बाजू बदलणं खरं आहे, पण ते फुकट नसतं. 1707 मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू सुटून आले. हा तोतया आहे असं ताराबाईंनी जाहीर केलं, सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या आणि धनाजी जाधवांना त्यांच्यावर पाठवलं. शाहू खरेच आहेत अशी धनाजींनी खात्री करून घेतली आणि खेडच्या लढाईच्या वेळी ते शाहूंना मिळाले. बघा, ‘तोतया’ या शब्दानं किती कामं केली. तो खरा ठरला तर शपथ मोडणं हे पाप राहत नाही, ते कर्तव्य होतं. फितुरीला अशी एक सन्मानाची वाट लागते आणि मुरब्बी मध्यस्थ तीच शोधत असतो. ती वाट ज्याला सापडत नाही त्याचं काय होतं तेही त्याच वर्षी दिसलं. सचिव शंकराजी नारायण ताराबाईंच्या शपथेत बांधलेले, समोर शाहू, आणि या पेचात त्यांनी आपला जीव दिला असं सांगितलं जातं. शाहूंनी सचिवपद त्यांच्या लहान मुलाला दिलं. या घटनेपाशी मी दर वेळी थांबतो. तुमच्या नऊ जणांमध्ये असा एक माणूस हवा, ज्याला दोन्हीकडे इमान राखायचं आहे.

सोयरिकींचाही विचार करा. नऊ मोठी घराणी एका साम्राज्यात तीन पिढ्या नांदली, तर ती सगळी एकमेकांची सोयरी झालेली असणार. इंग्लंडमधल्या वॉरिकच्या उमरावानं एका मुलीचं लग्न 1469 मध्ये राजा चौथ्या एडवर्डच्या भावाशी लावलं आणि पुढच्याच वर्षी दुसरीचं लग्न एडवर्डच्या वैऱ्याच्या, लँकेस्टर घराण्याच्या युवराजाशी. त्या दोन बहिणींच्या नजरेतून हे युद्ध कसं दिसलं असेल? तुमच्या खर्ड्यातल्या स्त्रिया निरोप घेतात आणि निरोप देतात, त्यापलीकडे काही करत नाहीत. माहेर एका छावणीत आणि सासर दुसऱ्या छावणीत असलेली बाई ही यादवीतली सर्वांत जाणकार व्यक्ती असते. दोन्हीकडची पत्रं तिच्या हातून जातात.

फौजेच्या हिशोबाबद्दल थोडक्यात. एका घोड्याला दिवसाला दाणावैरण मिळून साधारण 10 किलो लागतं. तुमच्या उत्तरेच्या सरदाराचे 5000 स्वार म्हणजे रोज 50,000 किलो. बैलगाडीत 500 किलो धरले तर रोज 100 गाड्या, आणि बैलांची वैरण वेगळी. असा तळ एका जागी तीन आठवडे राहिला की आसपासचा मुलूख बोडका होतो. गाड्यांसह फौज दिवसाला 15 ते 20 किलोमीटर सरकते. तुमच्याकडे ती दोन दिवसांत राजधानी गाठते, ते दुरुस्त करा. स्वार घरी कधी परततात हेही ठरवा. पश्चिम युरोपात सरंजामी चाकरी अनेक ठिकाणी 40 दिवसांची धरत, मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करून दसऱ्याला बाहेर पडत. तुमच्या जगातला ऋतू आणि चाकरीची मुदत पक्की झाली की लढाईला तारखेचं दडपण येतं. सरदाराला माणसं घरी जाण्याआधी लढावं तरी लागतं, नाहीतर रोख पगारावरचे भाडोत्री आणावे लागतात, आणि मग सावकार कथेत येतो.

मोठ्या लढाईबद्दल तुम्ही खास विचारलंय. विसाव्या प्रकरणातलं तुमचं रण चाळीस पानांचं आहे आणि त्यात प्रत्येक जण लढतो. मला त्यात न लढणारे हवे आहेत. 22 ऑगस्ट 1485 ला इंग्लंडमधल्या बॉसवर्थच्या लढाईत राजा तिसऱ्या रिचर्डच्या ताब्यात लॉर्ड स्टॅन्लीचा मुलगा ओलीस होता. स्टॅन्ली हा समोरच्या दावेदाराचा, हेन्री ट्यूडरचा सावत्र बाप. स्टॅन्ली बंधूंच्या तुकड्या बाजूला उभ्या राहिल्या. रिचर्ड थेट हेन्रीवर तुटून पडला तेव्हा विल्यम स्टॅन्लीनं घोडे घातले, पण राजाच्या अंगावर. नॉर्थम्बरलंडची तुकडी तर अखेरपर्यंत जागची हलली नाही. 1600 मध्ये जपानमधल्या सेकीगाहाराच्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी हा सरदार डोंगरावर फौज घेऊन बसला आणि ऐन वेळी खाली उतरून आपल्याच पक्षावर पडला. दुसऱ्या डोंगरावर मोरींची मोठी फौज होती. तिच्या पुढे वाट अडवून बसलेल्या किक्कावा हिरोइएनं शत्रूशी आतून संधान बांधलं होतं. मागून निरोप येत राहिले की पुढे का सरकत नाही, तर माणसं जेवताहेत असं उत्तर गेलं, अशी कथा जपानात सांगतात. तलवारीच्या खणखणाटापेक्षा हे दृश्य कितीतरी भयंकर आहे. डोंगरावर हजारो माणसं बसली आहेत, खाली आपले मरताहेत, आणि पुढचा सरदार हलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे संशय. दोन्हीकडे एकच भाषा, एकाच घडणीची चिलखतं, एकाच गावचे लोक. 14 एप्रिल 1471 ला इंग्लंडमधल्या बार्नेटच्या लढाईत दाट धुकं होतं. ऑक्सफर्डच्या उमरावाचे लोक समोरची फळी मोडून परत येत होते, त्यांच्या अंगावर किरणांच्या ताऱ्याचं चिन्ह. धुक्यात ते राजा एडवर्डच्या सूर्यासारखं दिसलं आणि त्यांच्याच पक्षानं त्यांच्यावर बाण सोडले. ‘दगा! दगा!’ अशी ओरड झाली आणि फळी फुटली. परक्या शत्रूशी लढताना असा घोळ झाला तर माणसं चूक म्हणून सावरतात. यादवीत पहिला विचार दग्याचाच येतो, कारण गेल्या वर्षी हा खरंच तिकडे होता. चाळीस पानांपैकी पंचवीस कापा आणि हा संशय आणा.

आणि लढाईबाहेरच्या माणसांना एक पूर्ण प्रकरण द्या. आपल्याकडे दुअमली असा शब्द होता, एका मुलखावर दोन अंमल. तुमच्या सीमेवरच्या एका गावात तो घडवा. सुगीच्या आठव्या दिवशी एका पक्षाचा कारकून येतो, वसुली करतो, शिक्का मारलेली पावती देतो. वीस दिवसांनी दुसऱ्या पक्षाचा येतो. गावचा प्रमुख पावती पुढे करतो. कारकून ती वाचतो, घडी करतो आणि म्हणतो, “हा शिक्का आम्ही मानत नाही.” मागे स्वार उभे. घरात पेरणीपुरतं बी उरलंय. ते दिलं तर पुढच्या वर्षी दोघांनाही देण्यासारखं काही नसेल, आणि हे कारकुनालाही माहीत आहे, कारण तोही शेतकऱ्याच्याच घरातला. गादीचा वाद म्हणजे काय ते वाचकाला त्या घडी केलेल्या कागदावरून कळेल. इथे घाई करू नका. दोघांना बोलू द्या, घासाघीस होऊ द्या, शेवटी अर्ध्या बियाण्यावर सौदा पटू द्या.

शेवट कसा करावा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एका पक्षाचा संपूर्ण विजय हा काही त्यातला एकमेव प्रकार नाही. स्टीफन-मटिल्डा युद्ध 1153 मध्ये मिटलं, कारण वॉलिंगफर्डला दोन्ही फौजा समोरासमोर आल्यावर दोन्हीकडच्या उमरावांनीच लढायला नकार दिला. हयातीपर्यंत राजा स्टीफन, त्याच्यानंतर मटिल्डाचा मुलगा, असं ठरलं. सातारा आणि कोल्हापूर यांचं भांडण 1731 च्या वारणेच्या तहानं, नदीची हद्द धरून मिटलं. ओनिन युद्धात क्योटो जळालं आणि सरदार आपापल्या प्रांतांत परतले. परतल्यावर काहींना दिसलं की मुलूख त्यांच्याच कारभाऱ्यांनी गिळलाय. एचिझेन प्रांतात शिबांचा कारभारी असाकुरा असाच धनी होऊन बसला. आणि तिसरा प्रकार, परक्याला घरात घेणं. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजा मोडल्या, दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि 31 डिसेंबरला त्यानं इंग्रजांशी तह केला. सरदारांनी आपसात हरलेलं किंवा जिंकलेलं सगळंच त्या कागदावर परक्याच्या हातात गेलं.

तुमच्या कथेला मी ओनिनचा शेवट देईन, कारण त्याची सामग्री खर्ड्यात आधीच आहे. तिसऱ्या प्रकरणात पश्चिमेच्या सरदाराचा कारभारी एकदाच येतो, किल्ल्याच्या किल्ल्या हातात घेऊन धन्याला वेशीवर निरोप देतो आणि पुन्हा दिसत नाही. सात वर्षांच्या वारसाला गादीवर बसवून तो सरदार जिंकून घरी येईल तेव्हा दरवाजा बंद असू द्या. तटावरून कारभाऱ्यानं अदबीनं विचारावं, “कोण आलंय?”